ढील

घरात धाकट्याला सगळे तोड्या म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो! हे नाव त्याला ठेवलं थोरल्या भावानं, भर समुद्रात, बाबांच्या देखत. बाबांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मोठ्या गळाची काठी त्याच्या हातात दिली होती. मासा लागला, आणि असा लागला की रीळ किंचाळायलाच लागलं. बाबा ओरडत होते, "जाऊ दे, पळू दे त्याला, ढील दे!" पण या गड्याला वाटलं, मासा चालला हातचा. त्यानं घाबरून रिळावर तळहात दाबला आणि जीव खाऊन काठी मागे ओढली. फट्ट असा आवाज झाला, दोरीचं टोक उलटं येऊन त्याच्याच गालावर बसलं. बाबा नुसते खाली बसले. बोलला तो दादा. "तोड्या!" म्हणाला, आणि नाव चिकटलं.

पुढे त्यानं या नावाचा मान राखला. लहानसहान मासे आणायचा, पण मोठा लागला की हात ऐकायचेच नाहीत. मोठ्या माशाला पहिल्या धावेत अडवायचं नसतं, त्याला दोरी देत देत दमवायचं असतं, हे त्याला पाठ होतं. पण रीळ किंचाळलं की ते सगळं पाठांतर पाण्यात. तळहात रिळावर जायचा, पळती दोरी कातडं भाजून काढायची, दोरी तुटायची. दर वर्षी सफरीहून परतताना वहिनी पर्समधून मलमाची ट्यूब काढून त्याच्या तळहाताला लावायची आणि दादा म्हणायचा, "लाव, लाव. पुढच्या वर्षीची तयारी." त्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही दादा म्हणाला होता, "घाईनं ओढलं असशील." सगळे हसले. तोड्याही हसला. पडद्यांचं दुकान बरं चाललं होतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, डोक्यावरचे केस पांढरे झाले होते, आणि तरी भावासमोर उभा राहिला की तो गालावर वळ उठलेला मुलगाच व्हायचा. हे त्याला मनापासून खुपायचं, पण सांगणार कुणाला?

बोट बाबांनी हौसेनं घेतलेली. एक डोलकाठी, दोन शिडं, इंजिन, खाली केबिनमध्ये चार बिछाने आणि उभं राहिलं की डोकं आपटेल असं स्वयंपाकघर. जुनी झाली तशी घरात तिला सगळे म्हातारी म्हणायला लागले. बाबांच्या मागे म्हातारी दोघा भावांकडे आली. दर वर्षी हवा निवळली की दादा, वहिनी आणि तोड्या किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडून येत, मासे धरत, कुठल्यातरी शांत वळणात नांगर टाकून झोपत. दादा कप्तान, वहिनीच्या हाती सुकाणू, आणि उरलेली सगळी कामं तोड्याची.

दादा दातांचा डॉक्टर होता. समोरच्याचं तोंड उघडं आणि आवाज बंद, याची त्याला जन्माची सवय. त्यामुळे बोटीवर बोलायचा तो एकटाच. तोड्यानं काठी धरली की मागे उभं राहून सूचनांचा मारा सुरू. "खाली घे. वर घे. अरे बैला, वर म्हणजे वर!" तोड्याचे निम्मे मासे त्या आवाजानंच तुटले असं वहिनीचं मत होतं, आणि ती ते नवऱ्याच्या तोंडावर बोलून दाखवायची.

गेल्या वर्षी दादाचा उजवा हात थरथरायला लागला. आधी नुसता चहाचा कप बशीवर वाजायचा. मग एक दिवस त्यानं दवाखान्याला कुलूप घातलं आणि घरी येऊन हात खिशात घालून बसला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "कंटाळा आला लोकांची तोंडं बघून." पेशंटसमोर सुई धरलेला हात हलला होता, हे वहिनीला कंपाउंडरकडून कळलं. तिनं दिराला फोन केला.

"भावजी, यंदा काहीही करा पण म्हातारीला बाहेर काढा. हे घरात बसून कुजताहेत."

"दादा येईल?"

"तुम्ही म्हणालात तर नाही यायचे. मी म्हटलं तर येतील. तुम्ही फक्त बोट धुऊन ठेवा."

तोड्यानं बोट धुतली, इंजिनाचं तेल बदललं, शिडांची शिवण पाहिली. दादानं धक्क्यावर पाऊल ठेवल्या ठेवल्या गाठींना नावं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा वहिनीच्या जिवात जीव आला.

गोष्ट घडली त्या दिवशी सकाळीच इंजिन गुरगुरून बंद पडलं. वाहत आलेलं जाळ्याचं लक्तर बोटीखालच्या पंख्यात गुंतलं होतं. अशा वेळी कुणीतरी कमरेला दोर बांधून बोटीखाली उतरायचं आणि दुसऱ्यानं वर दोराचं टोक धरून बसायचं, ही बाबांनी घालून दिलेली पद्धत. पाण्याखालून बोलता येत नाही, म्हणून दोरानं बोलायचं. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे ओढ मला, हातातलं सगळं टाकून ओढ. दोघं भाऊ लहानपणी घरातही हा खेळ खेळत, एक पलंगाखाली आणि एक पलंगावर.

एरवी उतरायचा दादा. या वेळी त्यानं दोर तोड्याच्या कमरेला बांधला. बोटं थरथरत होती, गाठ दोनदा सुटली. तोड्यानं मुद्दाम डोलकाठीकडे बघत वेळ काढला.

खाली पाणी गार होतं. तोड्यानं सुरीनं लक्तर कापलं, शेवटचा तुकडा ओढताना त्याचा श्वास संपत आला आणि त्यानं घाईनं तीन हिसके दिले. दोर लगेच ताणला गेला. तो वर आला तेव्हा दादा कठड्याला पाय लावून, दातओठ खाऊन ओढत होता, आणि वहिनी मदतीला आली तर तिला कोपरानं बाजूला सारत होता.

"अजून पेलतोस की मला," तोड्या धापा टाकत म्हणाला.

"तुझं वजन कसलं रे, सगळी हवा," दादा म्हणाला. पण त्याचा चेहरा उजळला होता. कितीतरी महिन्यांनी तो हात खिशात न घालता बसला. तोड्याला एवढं बरं वाटलं की त्यानं उगाचच इंजिन दोनदा चालू करून बंद केलं.

दुपारी जेवणं झाल्यावर दादानं केबिनमधून मोठी काठी काढून आणली. बाबांची काठी. तिच्यावर नवीकोरी दोरी गुंडाळलेली होती, जाड, हिरवट. त्यानं ती तोड्याच्या मांडीवर ठेवली.

"यंदा मासा तू आणायचास."

"मी? आणि तू?"

"मला हिला धरता येणार नाही आता." हे तो असं म्हणाला, जणू काल वर्तमानपत्र आलं नाही हे सांगतोय. "मला म्हातारीवर एक मोठा मासा आलेला बघायचाय. शेवटचा म्हण हवं तर. दोरी मी मुद्दाम अशी आणली आहे की दोन माणसं लोंबकळली तरी तुटणार नाही. आता तुटली तर तुझ्या कर्तबगारीला सलाम."

"आणि तुमच्या तोंडाचं काय?" वहिनी सुकाणूवरून म्हणाली. "तुम्ही मागे उभे राहिलात की भावजींचे हात गळतात."

"एक शब्द बोलणार नाही. मासा लागला तरी, सुटला तरी. पुढे जाऊन बसतो, शिडाच्या पलीकडे. तिथून तोंड उघडलंच तर द्या मला ढकलून पाण्यात."

"ढकलायला कशाला हवं, त्या चपला घालून फिरताय ना, आपणहून जाल. ते जॅकेट तरी चढवा."

"उकडतं," दादा म्हणाला. आणि मग भावाकडे वळून, हसू पार पुसून, "पळू दे त्याला. कितीही पळाला तरी पळू दे. रिळाला हात लावू नकोस. एवढं एकदा करून दाखव."

बाबांनी लावून दिलेला आणखी एक नियम होता: मासा लागला की कुणी आपली जागा सोडायची नाही. काठीवाला काठीशी, सुकाणूवाला सुकाणूशी, तिसरा असेल तिथे. एकदा सगळे मागच्या बाजूला धावले होते आणि बोट खडकावर जाता जाता वाचली होती. तेव्हापासून मासा म्हटलं की तिघं जागच्या जागी खिळायची.

दादा कठड्याला धरत धरत पुढे गेला. पुढचं शीड अर्धं उघडलेलं होतं, त्याच्या आड तो दिसेनासा झाला. तोड्यानं गळाला आमिषाचा खोटा मासा बांधून दोरी मागे सोडली आणि काठी खोबणीत उभी केली. दादानं आयुष्यात त्याच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट, आणि नेमकी हीच.

सूर्य मागच्या बाजूला कलला होता. मागचं सगळं पाणी पत्र्यासारखं चमकत होतं, डोळे ठरत नव्हते. इंजिन आपल्या तालात घरघरत होतं, लाटा पुढच्या टोकावर आपटून फुटत होत्या. वहिनी कसलंसं गाणं गुणगुणत होती. तोड्याचा डोळा लागतो न लागतो तोच रीळ किंचाळलं.

तो उडालाच. काठी कमानीसारखी वाकली होती, दोरी सरसर मागे पळत होती. त्यानं काठी खोबणीतून उपटली, पोटाशी लावली. "लागला!" तो ओरडला. वहिनीनं लगेच इंजिन हळू केलं. थांबवलं नाही, कारण बोट थांबली की दोरी सैल पडते आणि गळ सुटतो. म्हातारी संथपणे पुढे सरकत राहिली.

आणि तोड्याचा तळहात रिळाकडे निघाला. त्याला दिसत होतं, त्याचाच हात, पण कुणा दुसऱ्याचा असावा तसा. दोरी पळत होती. मासा चालला, मासा चालला, असं आतून कुणीतरी बोंबलत होतं. हात रिळापासून चार बोटांवर आला आणि तिथे थांबला. तोड्यानं तो मागे घेतला आणि सरळ खिशात घातला.

"पळ," तो म्हणाला. "पळ बाबा. किती पळायचं ते पळ."

दोरी गेली, गेली, लांबवर गेली. कुठेतरी त्या चमकत्या पाण्यात माशाची धाव संपली. रीळ थांबलं. काठीवर जड, जिवंत ओझं आलं. दोरी तुटली नव्हती. तोड्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते उन्हावर ढकललं.

"आहे, वहिनी! आहे अजून!"

"दिसतंय! केवढा असेल हो?"

"माणसाएवढा असेल!"

तेवढ्यात काठीच्या टोकानं मान तुकवली. एक, दोन, तीन. थांबली. पुन्हा एक, दोन, तीन.

"अय्या, मान कशी झटकतोय बघा," वहिनी हसून म्हणाली.

मोठा मासा मान झटकतो तो गळ निसटवायला. त्या वेळी ओढलं तर तोंड फाटून गळ सुटतो, म्हणून मान झटकली की ढील द्यायची. हेही बाबांचंच शिक्षण. तोड्यानं ढील दिली. आपल्या हाताला इतकी अक्कल कधी आली याचं त्याला नवल वाटत होतं.

पुन्हा तीन हिसके आले. त्यानं पुन्हा ढील दिली.

शिडाच्या पलीकडून चकार शब्द नव्हता. तोड्याला भावाची कधी नव्हे इतकी माया दाटून आली. हा माणूस, जो दात काढतानाही पेशंटला घरच्या भानगडी विचारायचा, तो तिथे ओठ घट्ट मिटून बसला होता, केवळ आपल्यासाठी. "दादा!" त्यानं मान न वळवता हाक मारली. "बघतोयस ना? तोडली नाही!"

उत्तर आलं नाही.

"बघा वहिनी, शब्दाला पक्का आहे," तोड्या हसला.

"ते शीड तरी गुंडाळायचं. उगाच फडफडतंय," वहिनी म्हणाली.

"नाही गुंडाळणार. आज तो नुसता प्रेक्षक आहे."

"अहो!" वहिनीनं हाक मारली. मग तिलाही हसू आलं. "जाऊ दे. जन्मात एकदा गप्प बसलेत, त्याचं पुण्य आपल्याला मिळू दे."

तिसऱ्यांदा हिसके आले तेव्हा त्यांच्यात जोर नव्हता. दोन आले, तिसरा आलाच नाही, आल्यासारखा वाटला फक्त. "दमला," तोड्या म्हणाला. आता त्यानं गुंडाळायला सुरुवात केली. काठी वर घ्यायची, खाली आणता आणता रीळ फिरवायचं. पुन्हा वर. घाई नाही. खांदे भरून आले, तो थांबला नाही. ओझं जड होतं पण विरोध करत नव्हतं. एखादी गोणी ओढावी तसं ते येत होतं. इतका मोठा मासा इतक्या लवकर हार मानतो, याचं तोड्याला क्षणभर नवल वाटलं. मग त्याला वाटलं, नीट दमवला की असंच होत असेल, आपल्याला काय माहीत, आपण कधी नीट दमवलाय!

"जवळ आलाय," तो म्हणाला. "आकडा घ्या, वहिनी."

वहिनीनं इंजिनाचा गिअर काढून बोट थांबू दिली आणि आकडा घेतला. लांब दांड्याचा, टोकाला पोलादी अणकुची असलेला. मासा बोटीशी आला की तो त्याच्यात रुतवून वर घ्यायचा. काम दादाचं, पण आज दादा प्रेक्षक होता. ती मागच्या कठड्याशी वाकली. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तिनं एक हात कपाळावर धरला.

तोड्या तिच्या पाठीकडे बघत होता. तिनं आकडा उगारला, आणि तो तिच्या हातातून गळून पाण्यात पडला.

ती किंचाळली नाही. तिच्या तोंडून फक्त "अहो" एवढंच आलं, घरात हाक मारतात तसं.

दादाचा करडा सदरा पाण्यानं फुगून वर आला होता. तोंड पाण्यात होतं. उजवा हात पुढे ताणलेला, आणि त्या हाताच्या मनगटाला हिरवट दोरी गुंडाळलेली. ती एकावर एक नीट घेतलेली होती, जखमेला पट्टी बांधावी तशी.

तोड्यानं काठी टाकली आणि उडी मारली. दोघांनी मिळून त्याला शिडीवरून वर कसं घेतलं ते नंतर दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. तोड्या छाती दाबत राहिला, वहिनी तोंडानं श्वास देत राहिली, बोट आपली आपण गिरक्या घेत राहिली. रेडिओवर मदत मागितली ती वहिनीनं. तिनं बोटीचं नाव, ठिकाण सगळं शांतपणे सांगितलं, आणि "काय झालं आहे?" असं विचारल्यावर पुन्हा बोटीचं नावच सांगितलं. बंदरावरची लाँच आली, तिच्यातली माणसं चढली, तरी तोड्या छाती दाबतच होता. शेवटी एकानं त्याचे हात धरून त्याला बाजूला केलं. पुढच्या टोकाशी कठड्यात एक चप्पल अडकलेली सापडली. दुसरी कधी मिळाली नाही.

इस्पितळात एक तरुण डॉक्टर होता. बोलायला मऊ. दादाच्या कपाळावर जखम होती, तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "पडताना कठड्यावर आपटले असणार. शुद्ध तेव्हाच हरपली असेल. त्यांना काहीसुद्धा कळलं नसेल, यावर विश्वास ठेवा."

बंदरावरचे अधिकारी शेजारी उभे होते. वयस्क होते, त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. "आणि दोरी?" त्यांनी विचारलं.

"बोट पुढे गेली, हे मागे पडले, मागून येणारी दोरी हाताला गुंतली. असं होतं," डॉक्टर म्हणाला.

तोड्यानं त्या पांढऱ्या चादरीबाहेर राहिलेल्या हाताकडे पाहिलं. दोरी कापून काढली होती, पण वळ होते, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर. पाण्यात बुडता बुडता, त्या थरथरत्या हातावर, दुसऱ्या हातानं त्यानं ते वेढे घेतले होते. गुंतलेली दोरी अशी नसते. हे सांगायला कुणी डॉक्टर लागत नव्हता. आपला भाऊ पाण्यात पडला, बोट निघून जाताना त्यानं पाहिली, त्यानं दोरी धरली, ती निसटू नये म्हणून मनगटाला बांधली, आणि मग आपल्याशी दोरानं बोलला. तीनदा बोलला. आणि आपण दोनदा ढील दिली, तिसऱ्यांदा म्हणालो, दमला.

"तुम्हाला काठीवर काही वेगळं जाणवलं का?" अधिकाऱ्यांनी तोड्याला विचारलं. "म्हणजे काही धडपड, काही खूण वगैरे?"

तोड्यानं तोंड उघडलं.

"नाही," वहिनी म्हणाली. "मासा लागल्यासारखंच वाटत होतं. दोघांनाही."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. "देवाची इच्छा," म्हणाले, आणि टोपी डोक्यावर ठेवून गेले.

बाहेर व्हरांड्यात एक लोखंडी बाक होतं, त्यावर दोघं बसली. समोरच्या भिंतीवर हात धुण्याबद्दलची सूचना लावलेली होती. एक बाई बादली नि पोछा घेऊन आली, त्यांच्या पायांपुरती जागा सोडून तिनं बाकीची फरशी पुसली. वहिनीच्या केसांत मीठ वाळून पांढरं झालं होतं. कुणाला कळवायचं, गाडी कुठून मागवायची, म्हातारी धक्क्याला कुणी बांधली असेल, असलं काहीबाही ती बोलत होती. तोड्या हूं हूं करत होता. त्याला वाटत होतं, हिला माहीत नाही. डॉक्टर म्हणाला ते हिला खरं वाटलंय. हिला कधीच सांगायचं नाही, आपण एकट्यानं हे घेऊन मरायचं.

बोलता बोलता तिनं पर्स उघडली आणि मलमाची ट्यूब काढली. दर वर्षीची सवय. तिनं तोड्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढला, मुठीची बोटं एकेक करून उघडली आणि तळहात दिव्याकडे वळवला.

तळहातावर काहीच नव्हतं. ना फोड, ना साधा ओरखडा.

ती त्या हाताकडे बघत राहिली. "मान झटकतोय असं मीच म्हणाले," ती हळूच म्हणाली. "सकाळीच तुम्हाला वर ओढताना बघितलं होतं मी. तरी म्हणाले."

तोड्याला हात मागे घ्यायचा होता, पण तिनं तो घट्ट धरला होता.

"मी तुम्हाला दोष देत नाही, भावजी," वहिनी म्हणाली, आणि आता तिचं रडू फुटलं. "पण इतकी वर्षं चुकलात. आज एकदा चुकायचं होतंत ना."

ट्यूबचं झाकण उघडून तिच्या पायाशी पडलं होतं. तोड्यानं वाकून ते उचललं आणि तिच्या हातात दिलं.